पुठ्ठ्यावरचा टाइपरायटर

लातूर जिल्हा नवा होता आणि मीही नवीच होते. कलेक्टर कचेरीत कनिष्ठ लिपिक म्हणून लागून मला वर्षही झालं नव्हतं. कचेरीतली निम्मी कपाटं जुन्या जिल्ह्याकडून आलेली, आणि कागदांवर अजून त्याच जिल्ह्याचं नाव छापलेलं. सकाळी आल्या आल्या त्या नावावर रेघ मारायची आणि शेजारी लातूरचा शिक्का उठवायचा, हे माझं पहिलं काम. मग टंचाईचं टपाल. पाऊस दोन वर्षं नीट झाला नव्हता. कुठल्या गावाला टँकर पाहिजे, कुठली विहीर ताब्यात घ्यायची, कुठं चारा संपला, हे सगळं माझ्या टेबलावरून पुढं जायचं.

हिवाळ्यात खोकला लागला. फायलींची धूळ असेल म्हणून मी महिना-दीड महिना काढला. संध्याकाळी कणकण यायची, ती थकव्याची धरली. एका सकाळी भाड्याच्या खोलीत तोंड धुताना मोरीत रक्त पडलं. मी वरून एक तांब्या पाणी ओतलं आणि लगेच मनात आलं, आज पाणी पुरायचं नाही.

सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी फोटो उजेडाकडं धरला आणि विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"इथं एकटीच. नांदेडला सगळे आहेत."

"टीबी आहे. बरा होतो, घाबरू नका. नांदेडला जा, तिथं कुणी करणारं असेल. पण घरात लहान मूल असेल तर त्याच्यापासून लांब राहा. निदान दोन महिने वेगळ्या खोलीत."

घरात लहान मूल होतं. माझ्या भावाची मुलगी, पाच महिन्यांची.

घरमालकिणीला मी न्यूमोनिया सांगितला. खरं सांगितलं असतं तर खोली गेली असती. ती मिळवतानाच आडनावावरून चार ठिकाणी नकार घेतले होते. एसटीत शेवटच्या बाकावर खिडकीशी बसले आणि नांदेड येईपर्यंत तोंडावरचा पदर काढला नाही.

आमचं घर तीन खोल्यांचं, एकामागं एक. शेवटची खोली पत्र्याची. तिच्यात गोवऱ्या, सरपण, जादा वाकळा असायच्या. तिचं एक दार परसात उघडायचं, एक लहान खिडकी गल्लीत. भावानं सरपण बाहेर काढलं, भिंतींना चुना मारला आणि खाट टाकली. भाऊ एसटीत कंडक्टर होता. त्या दिवशी त्यानं काम निमूटपणं केलं आणि ड्यूटीला निघून गेला.

पहिल्या संध्याकाळी माय जेवण घेऊन आली. आम्ही आईला माय आणि वडिलांना दादा म्हणायचो. मायनं माझ्यासाठी ॲल्युमिनियमचं एक ताट आणि पेला वेगळा काढला होता. ताट तिनं उंबऱ्याच्या आत सरकवलं. मी पेला पुढं धरला आणि ती तांब्यातून पाणी ओतू लागली, वरून, तांब्या पेल्याला लागू नये असं हात उंच धरून.

दादा परसात बाजेवर बसले होते. ते म्हणाले, "असं वरून नको वाढू तिला."

मायचा हात थांबला. "मग कसं वाढू? घरात लेकरू हाय."

"कसं बी वाढ. असं नको."

मायचं माहेर बिलोलीकडचं. तिच्या लहानपणी तिथल्या विहिरीवर आमच्या माणसांना चढू देत नसत. वरून कुणी तरी पाणी सोडायचं आणि ही खाली घागर धरून उभी असायची. हे तिनं आम्हाला एकदाच सांगितलं होतं, तेही कुणी विचारलं म्हणून. आम्ही बौद्ध झालो, शहरात आलो, नळाच्या रांगेत सगळ्यांबरोबर उभे राहिलो. आता ती माझ्यासमोर हातात तांब्या घेऊन उभी होती आणि तिचे डोळे भरून आले होते.

ती आत गेली. थोड्या वेळानं भरलेली घागर घेऊन आली आणि माझ्या खोलीच्या कोपऱ्यात ठेवली. वर झाकणी, झाकणीवर पाणी काढायला वगराळं.

"ही तुझी. तुझ्या हातानं घेत जा," ती म्हणाली.

नळ तेव्हा चौथ्या दिवशी यायचा, तोही अर्धा तास. गोदावरीत डोह राहिले होते, माणसं वाळूत झिरे खणून वाटीवाटीनं पाणी भरत. अशा दिवसांत आख्खी घागर एकट्या माणसाला देणं म्हणजे काय, ते मला टंचाईच्या टपालावरून चांगलं माहीत होतं. त्या रात्री मला तहान लागली होती तरी मी पाणी प्याले नाही.

आठवड्याभरात वहिनी बाळाला घेऊन माहेरी गेली, अर्धापूरला. मला कुणी सांगितलं नाही. परसातल्या दोरीवर लंगोट वाळत नव्हते, त्यावरून कळलं. वहिनी माझ्याशी कधी वाईट वागली नव्हती. त्या आठवड्यातही रोज दारापर्यंत येऊन "ताई, भाकर गेली का?" असं विचारायची. पण जाताना ती सांगायला आली नाही, आणि तिच्या जागी मी असते तर मीही आले नसते. भाऊ सुट्टीच्या दिवशी अर्धापूरला जाऊन यायचा. परत आला की पुढच्याच खोलीत कपडे बदलायचा, हात धुवायचा, आणि बाळ आता पालथं पडतं, असं मायला सांगताना आवाज खाली आणायचा.

आमच्याच वस्तीत एक सिस्टर राहायच्या, सरकारी दवाखान्यात होत्या. ड्यूटीवर जाताना त्या रोज येऊन मला इंजेक्शन देत. माय स्टोव्हवर सुई उकळून ठेवायची. इंजेक्शन घेतलं की ओठांभोवती मुंग्या यायच्या, कानात बारीक शीळ वाजायची. गोळ्यांनी तोंड कडू व्हायचं. त्यानंतर दिवस सुरू व्हायचा आणि त्यात करायला काहीच नसायचं.

पहिले पंधरा दिवस मी नुसती पडून पत्र्याकडं बघत राहिले. ऊन चढलं की पत्रा कडकड वाजायचा. माझं वय तेवीस होतं. एका ठिकाणी लग्नाची बोलणी चालली होती, ती माणसं नंतर आलीच नाहीत. वस्तीत कळलंच होतं. तोंडावर कुणी बोलत नव्हतं. फक्त माझ्या खिडकीवरून जाताना बायका घागरीच्या तोंडावर हात ठेवायच्या.

एक दिवस सिस्टर चिडल्या. "खाट सोड जरा. औषध त्याचं काम करायलंय, तू तुझं काय करायलीस?"

"काय करू? खोलीत काय काम हाय?"

"ते तू बघ. पण उद्या मी यीन तवा वाकळ घडी घातलेली पाहिजे."

दुसऱ्या दिवशी मी वाकळ घडी केली. एवढ्यानंच धाप लागली. तिसऱ्या दिवशी वाकळ आणि झाडू. मग घागरीतलं अर्धं वगराळं पाणी घेऊन तोंड धुणं, त्याच पाण्यात रुमाल खळबळून काढणं, उरलेलं पाणी उंबऱ्याबाहेर शिंपडणं. वेणी रोज घालायची, कुणी बघणार नसलं तरी. दुपारी खिडकीशी बसून गल्लीतल्या कण्हेरीची सावली भिंतीवर कुठवर आली ते बघायचं. यातलं काही मला आवडत होतं असं नाही. पण एक झालं की दुसरं करायचं असतं, एवढा आधार त्यात होता.

मग कचेरीचं पत्र आलं. रजा बिनपगारी मंजूर झाली होती आणि खाली एक ओळ होती: मराठी टंकलेखनाची परीक्षा मुदतीत उत्तीर्ण न झाल्यास सेवा पुढं चालू राहणार नाही. मी पत्र दादांना खिडकीतून वाचून दाखवलं. दादा गिरणीत तीस वर्षं सूतखात्यात होते. नुकतेच घरी बसले होते. ते म्हणाले, "मशीन न्हाई तर काय झालं. आमी बी पाटीबगरच शिकलो. जमिनीवर काढायचो अक्षरं."

त्यांनी बाजारातून एका खोक्याचा जाड पुठ्ठा आणला. मी त्यावर पेन्सिलीनं कळफलक काढला, प्रत्येक अक्षराला गोल. मधल्या ओळीत क, ह, र, स. वरच्या ओळीत म, त, ज, ल, न. गुडघ्यावर पुठ्ठा घेऊन मी बोटं चालवू लागले. लातूर हा शब्द वरच्या दोनच ओळींत होतो, बोटं लांब जात नाहीत. नांदेडला मात्र खालच्या ओळीत उतरावं लागतं. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. आवाज नाही, कागद नाही, चूक झाली तरी कुठं उमटत नाही. बोटांनाही औषधानं मुंग्या यायच्या, त्यामुळं आपण नेमकं कुठल्या अक्षरावर बोट ठेवलं हे बघितल्याशिवाय कळायचं नाही.

दादांना लिहायला-वाचायला मोठेपणी आलं होतं, रात्रीच्या शाळेत. सकाळी ते दोन्ही तसबिरींपुढं मेणबत्ती लावून वंदना म्हणायचे, मग चहाच्या हॉटेलातून आदल्या दिवशीचा पेपर घेऊन यायचे आणि माझ्या दाराबाहेर उंबऱ्याला पाठ लावून बसायचे. ते मोठ्यानं वाचायचे, मी पुठ्ठ्यावर टाइप करायचे. त्यांचं वाचणं सावकाश, माझी बोटं सावकाश, त्यामुळं जमून गेलं.

"दु... दुष्... दुष्काळ... पुढं काय हाय हे?"

"ग्रस्त. दुष्काळग्रस्त."

"दुष्काळग्रस्त भागा... भागासाठी..." एवढं झालं की त्यांना खोकला यायचा. ते पेपर बाजूला धरून खोकायचे, मी बोटं उचलून वाट बघायचे. खोकला थांबला की पुन्हा पुढं.

दादांचा खोकला आमच्या घरात जुनाच होता. आम्ही त्याला गिरणीचा खोकला म्हणायचो. कापसाचे तंतू छातीत बसतात, सूतखात्यातल्या सगळ्यांनाच होतं, असं दादा सांगायचे आणि आम्ही लहानपणापासून ते ऐकत आलो होतो.

सिस्टरनी पहिल्याच आठवड्यात घरातल्या सगळ्यांना थुंकी तपासून घ्यायला सांगितलं होतं. भाऊ, वहिनी, माय जाऊन आले. काही निघालं नाही. दादा गेले नाहीत. "मला काय झालंय? माझा गिरणीचा हाय," म्हणाले. सिस्टर आठवण करायच्या, दादा हाव म्हणायचे आणि विसरायचे.

दीड महिना झाल्यावर एका सकाळी इंजेक्शन भरता भरता सिस्टर थांबल्या. बाहेर दादा वाचत होते आणि मध्येच खोकायला लागले होते. तो खोकला त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग पिशवीतून एक डबी काढून दादांच्या पुढं ठेवली.

"दादा, उद्याचा सकाळचा पहिला खोकला ह्या डबीत पाहिजे."

"बघू की."

"बघू न्हाई."

दुसऱ्या दिवशी डबी रिकामीच होती. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी सिस्टर सुई घेऊन आल्या तेव्हा मी हात मागं घेतला.

"दादा डबी देईस्तोवर मी सुई घ्यायची न्हाई," मी म्हणाले.

दादा बाहेरून म्हणाले, "खामखा हट्ट करू नको. औषध चुकवायचं नसतंय."

"मग द्या डबी."

सिस्टर घड्याळ बघत होत्या. शेवटी दादा डबी उचलून परसाच्या कोपऱ्यात गेले. परत आले तेव्हा डबी धोतराच्या सोग्यात गुंडाळलेली होती. ती त्यांनी सिस्टरच्या हातात दिली आणि माझ्याकडं बघितलं नाही.

थुंकीत जंतू निघाले. फोटोही काढला. सिस्टर संध्याकाळी घरी येऊन सांगायला बसल्या. दादा बाजेवर, माय चुलीपाशी, मी माझ्या उंबऱ्याच्या आत.

"छातीच्या दोन्ही बाजू धरल्यात," सिस्टर म्हणाल्या. "अन् हे आजचं न्हाई. लई वर्षांचं हाय."

दादांनी विचारलं, "म्हंजे हिच्या आधीचं?"

सिस्टरनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "हाव."

दादा उठले, चप्पल घातली आणि बाहेर गेले. माय तव्यावरची भाकर उलटायची विसरली. मी पुठ्ठा मांडीवर घेऊन तशीच बसले. मला राग आला नाही. एवढंच आठवत राहिलं, की लहानपणी मला झोप येईपर्यंत दादा छातीवर घ्यायचे आणि त्यांच्या छातीत काही तरी घरघरायचं, ते ऐकत मी झोपायचे.

अंधार पडल्यावर दादा आले. बाजेवरची आपली वाकळ गुंडाळली आणि माझ्या खोलीत येऊन समोरच्या भिंतीशी अंथरली.

"आता बाहेर बसून काय करू," ते म्हणाले.

सिस्टरनीही हरकत घेतली नाही. दोघांना औषध सारखंच, खिडकी तेवढी उघडी ठेवा, म्हणाल्या. मायनं दुसरं ताट वेगळं काढलं. आमची घागर आता दोघांत होती.

असे आम्ही दोघं त्या खोलीत सहा आठवडे राहिलो. सकाळी सिस्टर दोघांना सुया द्यायच्या. वाकळा दोन झाल्या, घड्याही दोन. दादा माझ्यासमोर बसून वाचायचे आणि मी टाइप करायचे. त्यांचा वेग वाढला होता, जोडाक्षरं पूर्वीइतकी अडत नव्हती. माझीही बोटं न बघता चालू लागली होती. दुपारी ते पुठ्ठा मागून घ्यायचे. त्यांची बोटं जाड, एका बोटाखाली दोन गोल दबायचे. तरी त्यांनी न आणि म शोधून ठेवले आणि मी उठले की "विचार, न कुठं हाय," म्हणायचे.

एकदा दुपारी पत्रा फार तापला होता. दोघंही पडून होतो. दादा पत्र्याकडं बघत म्हणाले, "तुला लातूरला लावून दिलं तवा वाटलं, एक पोरगी तरी सुटली. अन् म्या हे संगं बांधून दिलं."

"कुणाला ठाव? हापिसात बी लागलं असंल."

"नगं खोटं बोलू."

मी उठून त्यांना पेलाभर पाणी दिलं. ते अर्धं प्याले आणि अर्धं त्यांनी मला ठेवलं.

तीन महिने झाल्यावर माझी थुंकी दोनदा स्वच्छ आली. पुढं वर्षभराहून जास्त गोळ्या चालू ठेवायच्या होत्या, पण कामावर जायला हरकत नव्हती. दादांची थुंकी स्वच्छ आली नाही. मी निघाले त्या दिवशी ते उंबऱ्याच्या आतच उभे राहिले. गल्लीत माणसं होती म्हणून असेल. पुठ्ठा मी त्यांच्यापाशीच ठेवला.

लातूरला टाइपिंगच्या परीक्षेत मी पहिल्यांदा नापास झाले. खऱ्या यंत्राच्या कळा जड होत्या, पुठ्ठ्याच्या सवयीनं माझी बोटं त्या पुऱ्या दाबतच नव्हती, अर्धी अक्षरं फिकी उठली. दुसऱ्या वेळी पास झाले. दादांना मी पत्र टाकलं, मोठ्या अक्षरांत, जोडाक्षरं टाळून. त्यांचं उत्तर आलं नाही. मायनं भावाकडून लिहवून कळवलं की दादा माझं पत्र उशाखाली ठेवतात.

पाऊस त्या वर्षीही उशिरा आला, थोडा आला. दादा दुसरा हिवाळा काढू शकले नाहीत. कचेरीत तार आली. मी पोचले तेव्हा गल्लीत गिरणीची माणसं उभी होती. त्यातले कितीतरी खोकत होते.

वहिनी त्या दिवशी अर्धापूरहून आली. बाळ चालायला लागलं होतं. दादांनी तिला चालताना बघितलं नव्हतं.

पुढं तीनेक वर्षांनी मायला मी लातूरला माझ्याकडं आणलं. तोवर मी स्वतःची दोन खोल्यांची जागा घेतली होती. एका दुपारी माय तांदूळ निवडत होती, मी कचेरीचे कागद बघत होते. तिनं मान वर न करता सांगितलं, "तुझ्या बापाला रगत बहात्तरच्या दुष्काळातच पडलं होतं."

मी कागद खाली ठेवले.

"गिरणी बंद होती तवा. खडी फोडायला गेलो होतो दोघं. तिथं पडलं. मातीत पडलं, वरून माती लोटली."

"अन् तू मला कामून न्हाई सांगितलं? मी त्या खोलीत पडले होते तवा तरी?"

"शपथ घातली होती त्यानं. गिरणीत कळलं तर काढून टाकतील म्हणला. मग गिरणी चालू झाली, तुमी परत शाळंत जाऊ लागले." ती सुपातले खडे वेचत राहिली. "म्या इसरूनच गेले. इसरल्याबगर राहता येत नव्हतं."

"म्हणजे माझं ताट वेगळं काढलं तवा तुला ठाव होतं."

तिनं सूप उचललं आणि आत गेली.

मी दोन दिवस मायशी बोलले नाही. एका घरात, दोन खोल्यांत, आम्ही एकमेकींना टाळून वावरलो. ती स्वयंपाक करून ठेवायची, मी नंतर जाऊन वाढून घ्यायचे. तिला किती वर्षं काय वाटलं असेल याचा विचार मला करायचा नव्हता, आणि दुसरा कुठला विचार येत नव्हता. तिसऱ्या दिवशी पहाटे नळ आला. पाणी बारीक होतं आणि जाण्याच्या आत सगळी भांडी भरायची होती. मायनं नळाखाली कळशी लावली. ती भरली तशी मी उचलली आणि दुसरी तिच्या हातात दिली.